कुडोजचा बिल्ला

बिल्ल्याची पिन वाकडी झाली होती. काल कारखान्यात सगळ्यांसमोर ॲप्रनवर लावताना एचआरच्या हर्षदा मॅडमनी ती घाईघाईनं रेटली, आणि जाड कापडातून आरपार न जाता ती आतल्या आत दुमडली – आता सकाळच्या उजेडात, ओट्याशी उभी राहून, गौतमी ती नखानं सरळ करू पाहत होती, आणि पिन नखाखाली असेपर्यंत सरळ राहायची, नख उचललं की पुन्हा आपल्या वाकण्याकडे जायची. पिवळ्या मुलाम्याचा गोल. त्यावर वर केलेला अंगठा. अंगठ्याखाली इंग्रजी अक्षरांत एकच शब्द, कुडोज. अंगठ्याच्या नखात रंग भरायचा राहून गेला होता, त्यामुळे ते नख उपटल्यासारखं दिसत होतं… म्हणजे हे घाऊक बनवून आणलेले असणार, पिशवीभर, आणि हर्षदा मॅडमच्या खणात पडून असणार, कुणाला द्यायचे हे ठरायच्या आधीपासून. आधी वस्तू, मग ती घेणारा. हे तिला काल सुचलं नव्हतं. काल ती टाळ्या ऐकत उभी होती.

"फोटूपाशी ठिव की त्ये," आई म्हणाली. फळीवर बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची छोटी मूर्ती, आणि शेजारी गौतमीचा एम.एस्सी.च्या पदवीदानाचा काळ्या झग्यातला फोटो. "लिवलंय काय त्येच्यावर?"

"कुडोज."

"म्हंजी?"

"शाबासकी. सगळ्यांदेखत दिलेली."

"मग शाबासकीच लिवायचं की," आई म्हणाली आणि गॅसवरचं दूध उतरवायला वळली.

बरोबर होतं आईचं. पण शाबासकी लिहिलं असतं तर कुणाची, हेही लिहावं लागलं असतं. शाबासकीला हात लागतो, पाठ लागते. दूध कारखान्यातल्या मोठ्या पडद्यावर काल झळकलं होतं ते नुसतं 'कुडोज टु गौतमी' – देणाऱ्याचा त्यात पत्ताच नव्हता. ते जणू हवेतून आलं होतं, किंवा सगळ्यांकडून, म्हणजे कुणाकडूनच नाही. आणि खाली मराठीत: 'स्वतःच्या गावचा असूनही टँकर नाकारण्याचं धैर्य.' शेजारी तिचा फोटो, हातात रबरी मोजे, चेहरा गोंधळलेला.

असूनही.

हा शब्द ती ओळखत होती. चौथीत ती पहिली आली तेव्हा गुरुजींनी तिला वर्गापुढं उभं केलं होतं आणि म्हटलं होतं, बघा रे, वस्तीवरची असूनसुद्धा पोरगी पहिली आली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तिनंही वाजवल्या होत्या, स्वतःसाठी, कारण सगळे वाजवत होते. त्यात काय बोचलं हे कळायला तिला बरीच वर्षं लागली. गुरुजी चांगले होते. त्यांनी वह्या दिल्या होत्या. म्हणूनच ते कुणाला सांगता येत नव्हतं…

दारातून गोठा दिसत होता. गोठ्याच्या कडब्यावर जुना फ्लेक्स टाकलेला होता, आणि त्या फ्लेक्सवर पुन्हा तीच – एम.एस्सी. झाली तेव्हा विहाराजवळ लावलेला, 'हार्दिक अभिनंदन', तिचा चेहरा बोटाएवढा आणि अभिनंदन करणाऱ्या उमेदवारांचे चेहरे ताटाएवढे. निवडणूक झाल्यावर आईनं तो मागून आणला होता. चांगला जाड आहे, पाणी लागू देत नाही. आता तिचा चेहरा उलटा होऊन कडब्याच्या कडेला लोंबत होता आणि तांबडी गाय अधूनमधून त्याला तोंड लावत होती.

तांबडी.

"आई, हिला इंजेक्शन दिलं होतं ना? दगडी झाली तेव्हा?" तांबडीची कास सुजून दगडासारखी घट्ट झाली होती, मागच्याच आठवड्यात.

"दिलं हुतं. मग?"

"त्या दिवसांत दूध कुठं घातलंस?"

आईचा हात थांबला. "वासराला पाजलं. डाक्टर म्हणला तसं."

"सगळं?"

आईनं पातेलं खाली ठेवलं, आवाज न करता, आणि हा आवाज न करणंच मोठं होतं. "आता घरातबी तपासाय लागलीस व्हय? आण तुजी ती दूध तपासायची पट्टी. लाव माज्या जिभंला."

गौतमीनं बिल्ला ॲप्रनच्या खिशात टाकला आणि स्कूटी बाहेर काढली. तिला आईवर संशय नव्हता. म्हणजे, होता, पण तो आईवर नव्हता, तो इंजेक्शनचं औषध दुधात उतरल्याच्या एका शक्यतेवर होता, आणि शक्यता तपासायला तिला शिकवलं होतं – एवढंच. हे आईला कसं सांगणार?

राहू गावातल्या दूध डेअरीचं शटर अर्धंच उघडं होतं. एरवी या वेळेला इथं किटल्यांचा आवाज, मापाची घाई, कुणाचं फॅट किती लागलं यावरून चेष्टा. आज लोक हळू बोलत होते. तिनं नाकारलेला कालचा टँकर परत आला होता आणि गावाबाहेरच्या ओढ्यात मोकळा केला होता. आजचं दूध हनुमंत पिकअपमध्ये चढवत होता. त्याच्या घरच्यांनी मेंढरं सोडून दोन पिढ्यांपूर्वी जमीन धरली, आणि हे संकलन केंद्र त्याच्या वडिलांनी, म्हस्कूआबांनी, सुरू केलं. म्हस्कूआबा आईचं दूध घेताना किटलीला हात न लावता माप खाली धरायचे आणि म्हणायचे, वत बाई, लांबूनच वत. आई लांबूनच ओतायची, एक थेंबही बाहेर जाऊ द्यायची नाही. हनुमंत तसा नव्हता. हनुमंत किटली हातातून घ्यायचा, जयभीम म्हणायचा. कधीपासून म्हणायचा? तिला कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागल्यापासून की आधीपासून? हे तिनं नोंदलं नव्हतं, आणि आता आठवायला गेलं की आठवण हवा तो आकार घेत होती.

"जयभीम, ताई."

"जयभीम. कुठं नेताय दूध?"

"कासुर्डीच्या अंगाला एक जण घेतो म्हणलाय. पडत्या भावात. एक दोन दिस घेईल, रोज कोण घेतंय?" त्यानं किटली वर सरकवली, हात पुसले. "फोटू आला तुमचा. समद्या ग्रुपवर फिरतुया. झ्याक आलाय."

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. टोमणा असेल तर डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसेल, तिथं काही नव्हतं.

"त्यो इंग्रजी शबुद हाय न्हवं, त्यो आमच्या पोरीला, धनश्रीला इचारला. ती म्हणली अभिनंदन. म्या म्हणलं, ताईलाच इचारू. अर्थ काय वो त्येचा?"

"शाबासकी. चांगलं काम केलं म्हणून."

"हां." हनुमंतानं मान हलवली, समजल्यासारखी. मग जरा थांबून, हिशेब न जुळलेल्या माणसासारखं, म्हणाला, "पर कशाची शाबासकी? दूध खराब हुतं म्हणून, का आमचं हुतं म्हणून?"

मागं कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "आरं, बक्षिसात काय मिळालं त्ये इचार आदी," आणि दोघंतिघं हसले, पण हसू लगेच थांबलं, कारण शटरच्या आत खाटेवर बसलेली हनुमंताची आई, कुशाबाई, काठी आपटत उठली होती.

"गप बसा रं. पोरीचं काय चुकलं? त्येच काम हाय तिचं." ती गौतमीच्या जवळ आली. म्हातारीच्या अंगाला अजून लोकरीचा वास होता, मेंढरं जाऊनही. "तू बघितलंस न्हवं पोरी? तुज्या डोळ्यांनी?"

"हो, आज्जी."

"मग झालं. डोळ्यांनी बघितलं मंजी झालं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर तयार होतं – प्रोटोकॉल, मर्यादा, लहान मुलं दूध पितात. तिनं स्कूटी सुरू केली, आणि वस्ती मागं पडली, ऊस दोन्ही बाजूंनी वर आला, तरी म्हातारीचा प्रश्न मागच्या सीटवर बसल्यासारखा बरोबर येत राहिला.

तू बघितलंस ना?

काय पाहिलं होतं मी?

नीट, क्रमानं. पट्टीवर दोन रेघा उमटतात. वरची कंट्रोल – ती नेहमी तशीच. खालची टेस्ट. दुधात अँटिबायोटिकचा अंश नसेल तर खालची रेघ वरच्याएवढी किंवा अधिक गडद येते. औषध असेल तर ती फिकी पडते. गडद, फिकी – हे मोजायचं यंत्र आहे, पण ते दुरुस्तीला गेलंय, तोवर डोळ्यानं वाचायचं, आणि फिकी दिसली तर दुसऱ्या कुणीतरी, पहिलं वाचन काय आलं हे न विचारता, स्वतंत्र वाचायचं, असा नियम. काल दुपारी लॅबमधली सोबतीण स्वप्नाली जेवायला गेली होती. सुरज सर, तिचे मॅनेजर, पाठीमागं येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, हा राहूचा ना? तुझ्या गावचा? ती म्हणाली, हो सर. ते म्हणाले, मग जास्त नीट बघ; उद्या लोक म्हणतील गाववाल्यांना सांभाळून घेतलं. आणि ती वाकली. आणि रेघ फिकी होती.

आणि मग सर म्हणाले, फिकी वाटतेय, नाही?

की हे आधी म्हणाले?

भीमेच्या पुलावर तिनं स्कूटी बाजूला घेतली. खाली पाणी हिरवट, हललं न हललं असं, जलपर्णी एका काठाला गोळा झालेली. पुलाच्या या टोकाला दौंड तालुका, त्या टोकाला शिरूर. दोन वाक्यं होती, तिच्या मनातलं 'फिकी' आणि सरांच्या तोंडचं 'फिकी', आणि दोन्ही आठवत होती, स्वच्छ, पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे ठरत नव्हतं. दुसरं वाचन म्हणून सहीही सरांनीच केली. दोन सह्या, दोन माणसं, चार डोळे – आणि कदाचित एकच वाक्य, एकाच्या तोंडातून निघून दुसऱ्याच्या डोळ्यात गेलेलं.

काल संध्याकाळी तिनं तो शब्द फोनवर शोधला होता. कुठलाही अनोळखी पदार्थ हातात आला की आधी त्याचे गुणधर्म पाहावेत, या सवयीनं. कुडोज – एखाद्या कामगिरीबद्दल मिळणारी वाहवा, नाव. इंग्रजीत हा शब्द कॉलेजातल्या पोरांच्या बोलीतून वर आला म्हणे, अर्धवट थट्टेत वापरायचा, आणि हळूहळू थट्टा गळून पडली. त्याच्याही मागं तो ग्रीक होता. तिथं कुणीतरी लिहिलं होतं की जुन्या ग्रीकांत ही कीर्ती जिंकल्यावर मिळायची असंच नाही. लढाईच्या मध्यावर एखादा देव आपल्या मनातल्या माणसाला ती द्यायचा, आणि ती मिळाली म्हणून तो जिंकायचा. पुन्हा तेच. आधी देणं, मग करणं. खणातले बिल्ले. काल हे वाचून ती उगीच हसली होती. आता पुलावर उभं राहून तिला वाटलं, सर पाठीमागं येऊन उभे राहिले तेव्हाच ते मला दिलं गेलं असेल तर? 'लोक म्हणतील गाववाल्यांना सांभाळलं' – या वाक्याचा दुसरा अर्धा भाग न बोलताच ऐकू आला होता: आणि नाही सांभाळलंस तर…

कारखाना केंदूरच्या रस्त्याला होता. फाटकाशी शंभू भेटला, राहूचा टँकर चालवणारा. आज रिकामा, गाडीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"या, बिल्लेवाल्या मॅडम," तो म्हणाला. "काल दूध तुम्ही नाकारलं, वतलं मी, आन् शिव्या खाल्ल्या त्याबी मीच. बिल्ला तेवढा तुम्हाला."

"घ्या हवं तर," तिनं खरंच खिशात हात घातला.

"नको वो! मला दिला तर उद्या डबल ट्रिप मारायला लावतील." तो हसला. "त्या बॉयलरवरच्या भय्याला मिळाला हुता की. दुसऱ्या दिसापासनं त्याची शिफ्ट संपायचीच बंद झाली."

ती आत जाताना हेच मांडत होती. बॉयलरवरचा माणूस: बिल्ला मिळाला, मग जादा पाळ्या. स्वप्नाली: सणाच्या दिवशी कामावर आली म्हणून मिळाला, तेव्हापासून प्रत्येक सणाला बोलावणं. पॅकिंगमधली एक बाई हात भाजूनही मशीन बंद न करता उभी राहिली म्हणून मिळाला, आणि तिनं भाजल्याची तक्रार लिहून दिली नाही. म्हणजे शब्दाचा वापर असा: ज्याच्याकडून पुढं काही हवंय, किंवा ज्यानं पुढं काही बोलू नये, त्याला तो लावतात. पण कँटीनच्या मावशींनाही मिळाला होता, नुसत्या आमटीबद्दल, आणि त्यानंतर काहीही झालं नाही, आमटीसुद्धा तशीच राहिली. एक उलटं उदाहरण. नमुने थोडे. यावरून सिद्धान्त मांडणाऱ्या विद्यार्थ्याला तिनंच नापास केलं असतं. तरीही संशय पुराव्याची वाट पाहत नाही. तो आधी येऊन बसतो आणि मग पुरावे एकेक करून आत येतात, आपल्याच घरी आल्यासारखे.

गोदामाशेजारून जाताना तिला दूध पावडरीची पोती दिसली, छताला टेकलेली. थंडीत दूध वाढतं, विकलं जात नाही, पावडर पडून राहते. दूध गोळा करायचा एखादा मार्ग महिनाभर बंद ठेवता आला तर कंपनीला बरंच. आणि तो बंद करणारी मुलगी त्याच गावची असेल तर गाव काय बोलणार? हे तिला सुचलं आणि लगेच वाटलं, किती नीट बसतंय हे सगळं. फार नीट बसलं की तिला आकडे पुन्हा तपासायची सवय होती.

पडद्यावर ती अजून होतीच. सुरक्षेच्या सूचना, कँटीनचा मेनू, मग ती, मग पुन्हा सूचना.

सुरज सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. तरुणच होते ते, नीटनेटके, टेबलावर मुलीनं काढलेलं चित्र लावलेलं. वाईट माणसाच्या टेबलावर असं चित्र नसतं असं नाही, पण तिला ते चित्र दर वेळी आडवं यायचं.

"संध्याकाळी राहूचं फायनल करतोय," ते म्हणाले. "पंधरा दिवस बंद. मग पुन्हा नमुने घेऊ. तुला गावात त्रास नाही ना?"

"नाही, सर."

"झालाच तर सांग. आणि कुणी काही विचारलं तर तू कशाला बोलायचं? बिल्ला दाखवायचा." ते हसले. त्या हसण्यात खरी आपुलकी होती, किंवा खऱ्या आपुलकीची सवय होती.

"सर… कालचा नमुना फ्रिजमध्ये आहे. संध्याकाळी फेकायच्या आधी पुन्हा एकदा लावून बघू का?"

सरांचं हसू गेलं नाही, फक्त थांबलं. "का? काल शंका होती तुला?"

"नाही, म्हणजे…"

"काल शंका नव्हती. सही केलीस. सगळ्यांसमोर कुडोज घेतलंस. आणि आज रिटेस्ट?" आवाज मऊच होता. "कसं दिसेल ते, गौतमी? मला काही नाही. तुझ्याच दृष्टीनं म्हणतोय. उद्या लोक म्हणतील, गावातून दम आला आणि पोरगी फिरली."

लोक म्हणतील. पुन्हा तेच लोक. काल ते एका बाजूनं म्हणणार होते, आज दुसऱ्या बाजूनं. सरांनी मनाई केली नव्हती. हे तिच्या लक्षात आलं, आणि हेही, की मनाई केली असती तर तिला सोपं गेलं असतं.

लॅबमध्ये स्वप्नाली बाटल्या धूत होती. "या कुडोजबाई. चहा कधी पाजताय?"

"मला एक काम करून दे," गौतमी म्हणाली. तिचा आवाज तिला अपेक्षेपेक्षा कोरडा वाटला. "फ्रिजमध्ये कालचा राहूचा नमुना आहे. दुसरा आज आलेल्या दुसऱ्या टँकरचा, सकाळी स्वच्छ निघालाय. तिसरा आपला, तुलनेसाठी मुद्दाम औषध घातलेला. तिन्ही एकसारख्या नळ्यांत भर. मी बाहेर थांबते. नावं लिहू नकोस, खुणा कर, आणि कुठली खूण कुणाची ते मला सांगू नकोस. पट्ट्या तूच लाव. वाचणार मी."

स्वप्नालीनं नळ बंद केला. "सरांना विचारलंस?"

"विचारलं."

"हो म्हणाले?"

"नाही म्हणाले नाहीत."

स्वप्नालीनं ओले हात ॲप्रनला पुसले. "बरं गं बाई. पण एक सांग, राहूचं स्वच्छ निघालं तर काय करशील? त्या पडद्यावरून स्वतःचा फोटो उतरवशील?"

"माहीत नाही."

"आणि फिकं निघालं तर?"

हे तिच्या मनात आलंच नव्हतं. दिवसभर, पुलावरून, फाटकातून, केबिनमधून, ती एकाच उत्तराकडे चालत आली होती – की रेघ गडद आहे, की मला फसवलं, की मी फसले. सर दोषी, शब्द दोषी, बिल्ला दोषी, आणि ती परत राहूला जाऊन कुशाबाईला सांगणार… काय सांगणार होती? काल तिनं 'गाववाल्यांना सांभाळलं' हे ऐकायला लागू नये म्हणून पाहिलं असेल, तर आज ती कशासाठी पाहायला निघाली होती? हनुमंतानं उद्याही जयभीम म्हणावं म्हणून? आईनं पातेलं आवाज करत ठेवावं म्हणून?

"तू भर," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन काचेकडे पाठ करून उभी राहिली. खिशात बोट पिनेला लागलं. बारीक टोचलं, रक्त नाही.

स्वप्नालीनं हाक मारली तेव्हा पट्ट्या पांढऱ्या ट्रेवर ओळीनं मांडलेल्या होत्या. खाली पेन्सिलीच्या खुणा: गोल, चौकोन, फुली. गौतमी वाकली.

एक उघडच फिकी होती, खालची रेघ जवळजवळ नाहीच. हा औषध घातलेला, यात शंका नको. उरल्या दोन. एकीची खालची रेघ गडद. दुसरीची… वरच्याएवढी. की किंचित कमी? तिनं डोकं जरा तिरकं केलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती रेघ पाहतच नाहीये. ती त्यातलं राहूचं कुठलं हे शोधत होती. राहूचं कुठलं हे कळलं की रेघ कशी आहे हेही कळेल, असं तिच्या डोळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. आणि ते कळावं म्हणून तिनं मान न हलवता, नुसती नजर वळवून, स्वप्नालीच्या हाताकडे पाहिलं होतं – तो हात कुठल्या पट्टीजवळ थबकतो का, म्हणून. कालही असंच झालं असणार. पाठीमागच्या माणसाच्या श्वासाकडे कान लावून ती वाकली होती. लहानपणापासून तिनं रेघा कधी वाचल्याच नव्हत्या काय, चेहरेच वाचत आली होती: गुरुजींचा, माप धरलेल्या म्हस्कूआबांचा, परीक्षकाचा, सरांचा? त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहून मग आपल्याला काय दिसलं ते ठरवायचं. त्यात ती तरबेज होती. त्यासाठीच तर टाळ्या मिळत आल्या होत्या.

दिवसभर ती ज्यांच्याकडे संशयानं पाहत होती, त्या सगळ्यांच्या रांगेत शेवटी तिचे स्वतःचे डोळे येऊन उभे होते, आणि विचित्र म्हणजे त्यांचा तिला राग आला नाही. त्यांना कुणी एकटं सोडलंच नव्हतं.

"स्वप्नाली, तू तिकडं तोंड कर."

"आँ?"

"भिंतीकडे. आणि मी सांगते ते लिही फक्त. हं-हं करू नकोस."

"काय येडी आहेस गं," स्वप्नाली म्हणाली, पण वळली. तिच्या पाठीवर ॲप्रनची गाठ सुटलेली होती. काचेपलीकडं पडदा बदलला, मेनू गेला, बहुतेक तिचा फोटो आला असावा, कारण ट्रेवरचा उजेड पिवळट झाला. तिनं ट्रे थोडा उचलून खिडकीच्या, बाहेरच्या, साध्या उजेडात धरला.

गोल. चौकोन. फुली.

कुणाचं काय, हे तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी राहूचं काय होणार, पडद्याचं काय, आईचं, तांबडीचं – ते सगळं या ट्रेच्या कडेपाशी येऊन थांबल्यासारखं झालं, आत आलं नाही. भीती होती, पण ती रेघेत मिसळत नव्हती. दोन गुलाबी रेघा, एकीखाली एक. तिनं घाई केली नाही.

"सांग ना," भिंतीकडे तोंड करून स्वप्नाली म्हणाली. "लिहू काय?"

"थांब," गौतमी म्हणाली. "बघतेय मी."